पट्टी कोणी उघडली

पोरीच्या हाताच्या पट्टीतून पिवळं पाणी गळत होतं. मला आधी वाटलं दूध सांडलं असेल, पण वास कुजका आला. पोरगी सहा वर्षांची, अंग नुसतं भाजत होतं. तिला खांद्यावर टाकली, चपला घरातच राहिल्या, तशीच आरेच्या बसस्टॉपवर पळाले. बस येईना. शेजारच्या तबेल्यातली म्हातारी विचारते, "काय गं झालं?" मी तिला पट्टीच दाखवली.

दहा दिवस आधी ती झाडावरून पडली होती. कोपर मोडलं. ऑपरेशन करून आत दोन तारा घातल्या, त्यांची टोकं कातडीच्या बाहेर, वरून पट्टी. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, उघडायची नाही, भिजवायची नाही, स्वच्छता ठेवा.

ठेवली की मी स्वच्छता. आमची मातीची जमीन. आमच्या गावी कोकणात घरात कोणी आजारी असलं की रोज सारवतात, सासूनेच शिकवलेलं. तबेला शेजारी, शेण ताजं. एकदा सारवताना पोरगी रडायला लागली, "आई, खाजतंय, आत मुंगी गेलीय." मी हात पदराला पुसले आणि पट्टी सोडली. मुंगी नव्हती. तारेभोवती बोटाने खाजवून दिलं, ती गप्प झाली, मी परत बांधली. तीन दिवस असंच चाललं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "घरी पट्टी कोणी उघडली?"

नवरा कामावरून तसाच आलेला, बाजूला उभा. मी म्हटलं, "कोणीच नाही."

इंजेक्शनं चालू झाली. दोन दिवस ताप हटेना. डॉक्टर म्हणाले, पू हाडात गेला तर हात जन्माचा वाकडा राहील. पू कशानेही होतो, घामाने, धुळीने, कधी आमच्याकडूनही, कुठून आला कळलं तर बरं. झालं, नवऱ्याने सिस्टरलाच धरलं, "तुमचेच हात घाण असणार."  ती नळावर जाऊन हात धुवायला लागली, परत परत.

नवरा चहाला गेला तशी मी तिच्या मागे गेले. "सिस्टर, मी उघडली. हाताला शेण होतं."

तिने माझी नखं बघितली. "आधी का नाही बोललीस गं? शेणाने धनुर्वात होतो." ती डॉक्टरकडे धावली. पोरीला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, तारा काढल्या, जखम धुतली, औषध बदललं. मग दोन दिवसांनी ताप उतरला.

हात वाचला. पण कोपर पूर्ण सरळ होत नाही. पोरगी फळीवरचं काही काढायला हात लांबवते तेव्हा मी तिकडे बघत नाही. ते शेणामुळे झालं की मी दोन दिवस लपवलं त्यामुळे, डॉक्टरलाही सांगता आलं नाही. पट्टी मी उघडली हे नवऱ्याला कोणीच सांगितलं नाही; तो अजून सिस्टरलाच शिव्या देतो, आणि मी भाकऱ्या थापत राहते.

नवरा बाजूला उभा आहे, डॉक्टर विचारतायत, पट्टी कोणी उघडली. तुम्ही काय बोलला असता?