अकरा एकांचा आकडा

बाई गेल्याचा फोन त्यांच्या पुतण्यानं केला, तेव्हा मी गिरणीच्या जेवणाच्या सुट्टीत भागाकार करत बसले होते. इथं तामिळनाडूत भोवती मराठी कळणारं कुणी नाही, सांगायचं कुणाला? पेन्सिल मात्र खाली ठेवली नाही... ठेवली असती तर ते खरं झालं असतं.

पाथर्डीच्या शाळेत बाई आम्हाला गणित शिकवायच्या. सातवीनंतर मी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेले, ती पुन्हा वर्गात आलेच नाही. बाईंनी मला सोडलं नाही. रविवारी वडिलांच्या मोबाईलवर फोन करून एक तरी गणित घालायच्या. आज इथल्या सूतगिरणीत यंत्रावरचे आकडे बघून न घाबरता काम करते, ते त्यांच्यामुळं. एरवी मी लई भित्री.

मग बाईंच्या किडन्या गेल्या. एसटीनं नगरला जायचं, हाताला सुया लावून तासन्‌तास पडून राहायचं. तिथून एकदा त्यांचा फोन आला. "ओळीनं अकरा वेळा एक लिही. एवढ्या मोठ्या आकड्याला कशानं भाग जातो, ते आपण दोघींनी शोधायचं." भाग जाणारच असला तर तो बाविसाच्या पटीहून एकानं मोठ्या आकड्यानंच जाईल, हे त्यांनी समजावून सांगितलं. शेवटी पाच आला की तो सोडायचा; तेवीस, सदुसष्ट, एकोणनव्वद, असं वर चढत जायचं. शेवटी एक किंवा तीन असलेले त्यांचे, सात किंवा नऊ असलेले माझे.

"बाई, मोबाईलवर बघू का? झटक्यात कळंल."

"कळून तुला कुठली गाडी गाठायचीय?" त्या हसल्या. "हा आकडा मोडेपर्यंत मी काही मरत नाही बघ."

त्या चेष्टेनं म्हणाल्या, मी धरून बसले. भाग घालताना भ्यायचे, बाकी उरली की जीव भांड्यात पडायचा. त्यांचा आवाज मात्र दर रविवारी बारीक होत चालला होता...

एका दुपारी एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं भाग घातला आणि खाली शून्य आलं. पुन्हा करून बघितलं. शून्यच.

"बाई, गेला भाग."

माझं रडू त्यांना दवाखान्यातल्या यंत्राच्या आवाजातही ऐकू गेलं. म्हणाल्या, "रडतेस काय वेडे? आकडा मोडला, मी नाही. दुसरा तुकडा किती आला?"

"पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस."

"मग तो मोडतो का बघ. तोवर मी आहे."

मी पुन्हा तेवीसपासून सुरू केलं. पुतण्याचा फोन आला तो हे चालू असतानाच. त्यानंतरही मी थांबले नाही. परवा मात्र भाग घालता घालता लक्षात आलं, हा आकडा तर आपण आधी लावून पाहिलाय. तुकड्याला जो भाग जाईल तो अख्ख्यालाही जाणारच. आणि हा तुकडा मोडायला लागले असते ते लहान आकडे आम्ही दोघींनी सगळे आधीच लावले होते. एकानंही भाग गेला नव्हता. म्हणजे शून्य आलं त्या दुपारीच सगळं संपलं होतं. शोधायला काही उरलंच नव्हतं.

बाईंना हे कळलं नसेल? जन्मभर गणित शिकवलेल्या बाई... माझ्या तोंडून तो तुकडा ऐकता ऐकताच त्यांना कळलं असणार. तरी फोन ठेवताना त्या मला म्हणाल्या होत्या, "सावकाश कर. घाई नको."