शिंपल्यांची जमीन
कुंडीच्या भोकावर ठेवायला खापरीचा तुकडा शोधत होते, तर हाती तो जुना शिंपला आला. नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या हॉस्पिटलातल्या नोकरीमुळे आम्ही न्यूझीलंडच्या नेपियर शहरात गेलो आणि आठवड्याभरातच भूकंपाचा हादरा बसला. लहानसाच होता, पण ‘आपण परत जाऊ’ म्हणून मी हट्ट धरला. तरी सवयीनं मागच्या अंगणात कोथिंबिरीसाठी वाफा खणायला घेतला, तर मातीत शिंपलेच शिंपले! आधीच्या भाडेकरूनं खरकटं पुरलंय असं वाटून मी चिडून ते बादलीत टाकत होते. कुंपणापलीकडची सत्तरीची शेजारीण हसली. "समुद्राचे आहेत ते, डिअर. मी शाळेत असताना मोठा भूकंप झाला. विटांच्या भिंतीखाली माझी बहीण गेली. निम्मं शहर पडलं, उरलेलं जळलं, आणि इथला समुद्राचा तळ वर आला. या खारट मातीत काही उगवणार नाही, असं लोक म्हणायचे. बाबा वर्षानुवर्षं मेंढ्यांचं खत घालत राहिले." बोलता बोलता तिनं नुकतेच खणून काढलेले बटाटे कुंपणावरून माझ्या ओंजळीत ठेवले. संध्याकाळी नवरा आला, तेव्हा मी एवढंच म्हणाले, "उद्या येताना धणे आण." आज खापरी शोधायचं सोडून मी तो शिंपलाच भोकावर उपडा ठेवला आणि वर माती लोटली.