लाल पागोट्याचा गोरासाहेब

तैलरंगाचे डाग आणि दुकानातले किस्से एकदा लागले की निघतच नाहीत! लोणारला सलीम उस्तादांच्या पाट्या रंगवायच्या दुकानात मी दर रविवारी चित्र शिकायला जायचो. मी पोस्टातला कारकून, मला नुसती हौस. पण तिथले किस्से इतके साठलेत की बायको म्हणते, "आता एखादा विसरा तरी!"

माझ्या जोडीला सुलतानपूरचा दत्ता. बीटी बियाणं आल्यापासून तो गावोगावच्या भिंतींवर जाहिरातीची कापसाची बोंडं रंगवून पोट भरायचा. त्याला एकच चित्र काढायचं होतं, वडिलांचं. तो दोन वर्षांचा असताना ते गेले आणि घरात एकही फोटो नाही. आईला विचारलं, "बाबा कसे दिसत?" तर ती म्हणाली, "कसे म्हंजे? मानसासारखे!"

उस्तादांची अट कडक. "पह्यले या गोरासाहेबाची हुबेहूब नक्कल कर. मंग बाबाले हात लाव." गोरासाहेब म्हणजे विलायती कॅलेंडरवर छापलेलं एक जुनं नामांकित चित्र. डोक्याला लाल पागोटं, दाढीमिशी सफाचट.

*

पहिल्याच दिवशी उस्ताद दत्तावर ओरडले, "कान काढला का बोंड फोडलं बे?"

"हाताले सवय हाय, उस्ताद!"

*

रंगात कालवायला जवसाचं तेल हवं. आमच्याकडे जिकडे तिकडे कापूस, जवस पेरतो कोण? सासूबाईंनी वडनेर भोलजीहून पाठवलेल्या बाटलीतलं अर्धं तेल मी गुपचूप नेलं. दुपारी ताटात कोरडी चटणी! तेल मागितलं तर बायको म्हणाली, "तुमच्या साहेबानं पेलं. त्यालेच मांगा!"

*

हे घरगुती तेल काही लवकर वाळेना. दत्तानं ओलंच चित्र घरी नेलं. भाव नव्हता म्हणून त्याच्या खोलीत कापूस पार आढ्यापर्यंत भरलेला. पुढच्या रविवारी उस्तादांनी चित्र पाहिलं आणि चष्मा पुसला.

"मिशी काऊन देल्ली बे याले?"

"म्या नाही, कापसानं देल्ली!"

"मंग ठेव. भाव आला का यालेही गाडीत भर!"

दोन रविवार आम्ही पिना घेऊन साहेबाची हजामत करत बसलो.

*

एकदा एक शेतकरी दुकानात आला. आदल्या वर्षी त्याचा कापूस बोंडअळीनं खाल्ला होता. चित्र बघून त्यानं विचारलं, "हा कोन्त्या कंपनीचा मालक? बियानं कसं हाय याचं?"

उस्ताद म्हणाले, "बियान्याचं नाही सांगत. पन मानूस चार महिन्यांपासून इथंच हाय. पयून गेला नाही!"

*

कॅलेंडरची घडी नेमकी साहेबाच्या नाकाडोळ्यांवरून गेलेली, तिथलं काहीच दिसेना. उस्ताद म्हणाले, "आरशात पाह्य, उजेड कसा पडते ते." दत्तानं शेजारच्या सलूनमधला आरसा आणला आणि तासन् तास त्यात बघून रंगवत बसला. पण नाक तीनदा पुसावं लागलं.

"हे साहेबाचं नाक नाही बे! कोनाचं आनलं?" उस्ताद चिडले. "आता आखरी बार. नाही जमलं तं बाबाचं इसरून जाय."

त्याचं उतरलेलं तोंड पाहून मला फार वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी दत्तानं चौथ्यांदा नाक रंगवलं. उस्तादांनी पाहिलं, मान हलवली आणि रॉकेलचा बोळा उचलला. तेवढ्यात बाजाराला आलेली दत्ताची आई डबा घेऊन दारात उभी राहिली. दुकानात ती पहिल्यांदाच आली होती. तिची नजर चित्रावर गेली. तिनं डबा खाली ठेवला, खांद्यावर आलेला पदर झटकन डोक्यावर ओढला आणि मान खाली घालून भिंतीला सरकून उभी राहिली.

उस्तादांनी तिच्याकडे पाहिलं, मग आरशातल्या दत्ताकडे.

त्यांनी बोळा ठेवून दिला. म्हणाले, "दत्ता, सही कर बे खाली."