माहेर नसलेली गाडी

"हिची मानसं कोन?"

नवी गाडी समोर आली की आबा आधी बॉनेटवर हात ठेवायचे, पोराला ताप आहे का बघावं तसा, आणि मग हे विचारायचे. मुंबईहून हौसेने गाडी घेऊन आलेला माणूस गडबडायचा. त्याला वाटायचं, मालक कोण ते विचारतायत. तो आपलं नाव सांगायचा, बापाचं सांगायचा. आबा मान हलवायचे. त्यांना हवी असायची गाडीची माणसं. म्हणजे ह्या कंपनीची गाडी वाडीत आधी कुणाकडे होती, तिने किती वर्षं काढली, कुणाला दवाखान्यात पोचवलं, कुणाची वरात आणली. तेवढं कळल्याशिवाय त्यांचं तोंड उघडत नसे.

कारण आबा गाऱ्हाणं घालायचे. तुमच्यात जे घाटावरचे असतील त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे काही नवं आणलं किंवा कुठे लांब निघायचं झालं, की नारळ ठेवून गावातला एक जाणता माणूस मोठ्याने देवाशी बोलतो आणि जमलेले सगळे त्याच्या प्रत्येक वाक्यामागे "व्हय म्हाराजा" म्हणतात. हातखंब्याच्या वरच्या अंगाला जी वाडी आहे, तिथे हे काम आबांकडे होतं. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी गाड्या घेऊन उतरले की आबांना पाणी प्यायला फुरसत नसे.

माझं हातखंब्याला, हायवेला लागून, मोटारीच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. वाडीतून खाली उतरलं की पहिलं माझंच, त्यामुळे आबांची बैठक माझ्याकडे. मी त्यांना चिडवायचो की आपला धंदा एकच, तुमचं गाऱ्हाणं लागू पडलं नाही की गिऱ्हाईक माझ्याकडे येतं. ते हसायचे आणि माझ्या चहातला अर्धा बशीत ओतून घ्यायचे.

त्यांचं गाऱ्हाणं ऐकायला मी मुद्दाम दुकान सोडून जायचो. "बा देवा म्हाराजा, आज तुज्या लेकरानं ही गाडी आनलीन हाय. हिच्या थोरल्या भयनीनं ह्याच घरची बाळंतपनं पावसातनं रत्नागिरीला पोचवलीन. तशीच हिला बुद्धी दे. ब्रेक लागायच्या टायमाला ब्रेक लागू दे, आन् मालकाचं तोंड सुटायच्या टायमाला ता बंद ऱ्हाऊ दे." माणसं हसत हसत व्हय म्हाराजा म्हणायची. मालकाची बायको जरा जास्तच जोरात म्हणायची.

आता एवढी वर्षं गल्ल्यावर बसून मी एक गोष्ट पाहिली आहे, आणि तुम्हीही पाहिली असेल. काही कंपन्यांच्या गाड्यांवर लोकांचा जीव असतो आणि काहींच्यावर नसतो. किंमत तीच, रस्ते तेच, जाहिरातीत हसणारं कुटुंबही तेच. एका कंपनीची गाडी बघाल तर पत्रा असा की नारळ पडला तर खड्डा, दारं वाजतात, चढावर एसी बंद करावा लागतो. पण तीच विकायची वेळ आली की मालक गाडीभोवती दोनदा फेरी मारतो आणि डोळे पुसतो. दुसरीची बांधणी घट्ट, सीट मऊ, आवाज नाही. तिच्या मालकाला विचारलं तर तो "चांगली आहे" म्हणतो आणि लगेच दुसरं बोलायला लागतो.

माझं म्हणणं सरळ दुकानदाराचं होतं. जिचे पार्ट कुठल्याही टपरीवर मिळतात ती लाडकी. आबांना ते पटायचं नाही. ते म्हणायचे, पार्टचं काय घेऊन बसलास, आपण मुलगी बघायला गेलो तरी आधी तिचं घरदार विचारतो. लाडक्या गाडीचं घरदार सगळीकडे असतं. ती संगमेश्वरात बंद पडली तरी चहाच्या टपरीवरचा माणूस उठून येतो, कारण त्याच्या मामाकडे तीच होती, आणि मामाची गाडी कशी बंद पडायची ते तो ऐकवतो. दुसरी बंद पडली तर लोक लांबून बघतात. "गाडी वायट नाय बाबू. हिला म्हायेर नाय."

आबांना तीन मुलगे. थोरले दोघे मुंबईला, गणपतीला पाहुण्यासारखे येऊन पाचव्या दिवशी परत. बायको वारलेली. घरात आबा आणि धाकटा, ज्याला अख्खी वाडी बारक्याच म्हणायची, जरी तो तिशीला आला होता. दोघे मिळून भात-पिठलं करायचे, दोघे मिळून एकमेकांच्या मिठाला नावं ठेवायचे. बारक्याला मुंबईला जायचं नव्हतं. त्याला इथेच पर्यटकांसाठी गाडी चालवायची होती, गणपतीपुळे, मालगुंड, जमलं तर दापोलीकडे. आबा एकदा मला म्हणाले होते, "दोगांना गाडीत बसवून मीच गारानं घातलं. ह्याचं जायाचं घालनार नाय." त्यांच्या आयुष्यात तेव्हा मागण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

बारक्याने गाडी आणली ती कोल्हापूरच्या एका डॉक्टरकडून, जुनी, पण नव्यासारखी ठेवलेली. आणि नेमकी त्या दुसऱ्या, माहेर नसलेल्या कंपनीची. नाव सांगत नाही, सांगितलं तरी तुम्हाला त्या गाडीचं तोंड आठवणार नाही, आणि दुखणं तेच होतं. मी बघताच म्हटलं की गाडी उत्तम आहे. ती खरंच उत्तम होती.

आबांनी बॉनेटवर हात ठेवला आणि विचारलं. वाडीत ह्या कंपनीची गाडी कधी आलीच नव्हती. शेजारच्या वाडीतही नाही. आबा नारळ घेऊन उभे राहिले, "बा देवा म्हाराजा" म्हणाले, आणि अडले. त्यांना अडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. शिवाय एक गोष्ट आधीच वाकडी झाली होती. आपल्या घरचं गाऱ्हाणं आपण घालू नये, दुसऱ्याने घालावं, असं आबाच सगळ्यांना सांगायचे. पण थोरल्यांच्या वेळेसारखंच आताही, त्यांच्याखेरीज वाडीत ते कुणाला येतच नव्हतं. सगळे व्हय म्हाराजा म्हणायला पटाईत.

शेवटी ते म्हणाले, "हिचा हतं कोन नाय. म्हनून मी ही तुज्याच पदरात घालतंय. आजपासून ही तुजी." लोक हसले आणि मग व्हय म्हाराजा म्हणाले.

दोन-तीन वर्षं बरी गेली. पर्यटक गाडीतून उतरताना म्हणायचे की प्रवास अगदी आरामात झाला, पाठ दुखली नाही. पुढच्या खेपेला तेच फोन करून बारक्याला विचारायचे, "तुमच्याकडे ती सगळ्यांकडे असते ती गाडी नाही का हो?" बारक्या चिडायचा नाही. तो नाही म्हणायचा आणि फोन ठेवायचा.

मग कंपनीने गाशा गुंडाळला. ह्या देशात आपलं जमत नाही म्हणून निघून गेली. शहरातल्या शोरूमची पाटी उतरली आणि तिथे सोफे आले. त्यानंतर पहिल्याच पावसाळ्यात, निवळीच्या घाटात, गाडी एका गिअरमध्ये अडकली ती अडकलीच. गिअर सांभाळणारा एक इलेक्ट्रॉनिक डबा असतो, तळहाताएवढा, तो गेला होता. मी कोल्हापूरला फोन केला, पुण्याला केला, मुंबईत भंगारबाजारातल्या ओळखीच्यांना केला. सगळे आधी गाडीचं नाव पुन्हा विचारायचे आणि मग हसायचे. लाडक्या गाडीचा पार्ट नसला की लोक दुसऱ्याचा घासून, ठोकून बसवतात, कारण तिच्यावर हात चालवलेली माणसं असतात. हिच्यावर कुणाचा हातच बसलेला नव्हता.

आबा रोज सकाळी खाली उतरायचे. "इला काय बाबू?" म्हणजे तो डबा आला का. मी मान हलवायचो. ते चहा घ्यायचे आणि वर जायचे. पुढे पुढे तर ते दिसले की मी उगाच खोकी लावायला घ्यायचो. माणूस आपल्याकडे एकच वस्तू मागतो आणि आपल्या तीन भिंतीभर भरलेल्या दुकानात ती नसते, ह्याची मला लाज वाटायची.

अशात हातखंब्याच्या जुन्या गाड्यांच्या एका दलालाने बारक्याला सांगितलं की बंद गाडी दे, वर थोडं कर्ज काढ, माझ्याकडे ती लाडकी गाडी उभी आहे, घेऊन जा. बारक्याचा चेहरा त्या दिवशी बघायला हवा होता. तो धावत वर गेला. आणि तिथे घोडं अडलं, कारण गाडी आता बारक्याची नव्हती, देवाची होती. पदरात घातलेली वस्तू देवाला विचारल्याशिवाय परत घेता येत नाही. मी आबांना म्हटलं, अहो, ते बोलण्याच्या ओघात होतं. ते म्हणाले, "देवासमोर वोघात काय बोलत नाय मी."

मग कौल लावायचं ठरलं. गुरवाने देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आबांनी स्वतः तोंड उघडलं नाही, गुरवालाच विचारायला लावलं. आम्ही बसलो. पाकळी हलेना. उजवी नाही, डावी नाही. गुरवाने पुन्हा पाणी लावलं, पुन्हा विचारलं. बारक्या खांबाला टेकून मोबाइलकडे बघत होता, दलालाचे फोन येत होते, आणि तो ते घेत नव्हता. दुपार कलली तरी पाकळ्या जागच्या जागी. देवाने नाही म्हटलं असतं तरी आबांना ते सोसलं असतं असं मला वाटतं. पण देवही लांबून बघत राहिला.

दुसऱ्या वेळेला तेच झालं. तोवर दलालाने ती गाडी देवरुखच्या कुणाला तरी देऊन टाकली. बारक्या बापाला एका शब्दाने बोलला नाही. मीच त्याला म्हटलं की तू घेऊन टाकायची होतीस, आबा चार दिवस रुसले असते. तो म्हणाला, "त्यांचा शब्द मोडून आणलेल्या गाडीचं गारानं कोण घालणार होतं, दादा?" आठवड्याभरात तो मुंबईला गेला, रात्रीच्या बसने, कुणाला न सांगता, म्हणजे आबांना नारळ घेऊन उभं राहावं लागू नये म्हणून. तिथे एका टूरवाल्याकडे तो गाडी चालवायला लागला. कुठली गाडी, ते तुम्ही ओळखलं असेलच.

आबा दुसऱ्या दिवशी दुकानात आले आणि चहा न घेता बसले. "आपलं गारानं आपन घालायचं नस्तं बाबू," ते म्हणाले. "मी घातलं." मला खूप काही बोलायचं होतं, की कंपनी गेली ती तुमच्या गाऱ्हाण्याने नव्हे, डबा जळला तो पाण्याने. पण ते सगळं खरं असूनही त्याचा त्यांना काय उपयोग होता?

पावसाळा संपता संपता गुरवाने सहज पुन्हा कौल लावला आणि उजवी पाकळी पडली. देवाचा कारभारही कधीकधी आपल्या कचेऱ्यांसारखा चालतो. गाडी भंगारात गेली. बारक्याला फोनवर कळवलं तेव्हा तो बरं म्हणाला, आणि पुढे म्हणाला की आता इथे खोली घेतली आहे.

आबा एकटे राहिले. नव्या गाड्या आल्या की जायचे, पण आता आधी काही विचारायचे नाहीत. चार ठरलेली वाक्यं बोलायचे. एकदा ते चुलीपाशी चक्कर येऊन पडले, शेजारणीने पाहिलं म्हणून बरं. त्यानंतर मुलांनी ठरवलं की त्यांना मुंबईला न्यायचं.

बारक्या न्यायला आला, ती लाडकी गाडी घेऊन. गावातली पोरं लगेच तिला टेकून उभी राहिली, कुणी दार उघडून बघितलं, कुणी म्हणालं आमच्या काकाकडे हीच आहे. आबांनी घराला कुलूप लावलं, किल्ली शेजारणीला दिली आणि मागच्या सीटवर बसले. त्यांना काच खाली करायची होती, बटण सापडत नव्हतं. मी वाकून ते दाबलं. काच खाली गेली.

आमच्याकडे लांब जाणारी गाडी अशीच सुटत नाही. मी दुकानातून निघतानाच नारळ घेतला होता. बारक्याने इंजिन चालू करून ठेवलं होतं. आम्ही दहा-बारा माणसं उभी होतो, गुरवही होता, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. आबा खिडकीतून आमच्याकडे बघत होते. वाट पाहत होते. मी "बा देवा" एवढं म्हणालो आणि पुढचं मला येईना. आयुष्यभर ऐकलेलं, पण येईना. मागून कुणीतरी कुजबुजल्यासारखं व्हय म्हाराजा म्हणालं, कशाला ते त्यालाही ठाऊक नसावं.

मग आबांनीच पुढच्या सीटला हलकेच हात लावला आणि म्हणाले, "चल रे, घाटात धुकं येईल."

गाडी हायवेला लागली. आम्ही रस्त्यावर उभे राहिलो, आणि नारळ माझ्या हातात तसाच होता.