खऱ्या शिपायाचे कपडे घातले, तर मागं उभं केलं

मंडळी, आत्ताच मिरवणुकीतून सुटलो अन् अंगरखा न काढताच सायबर कॅफेत येऊन बसलोय. डोकं नुसतं तापलंय.

तुम्हीच इथं फोरमवर म्हणत होता ना, चमकणाऱ्या साटिनचे मावळे पुरे झाले, सतराव्या शतकातल्या शिपायासारखे कपडे करा? केले. आम्ही सात जणांनी जाडंभरडं सुती कापड आणलं. मस्तगड भागातल्या टेलरनं दोनदा बटणं लावली, आम्ही दोनदा उसवायला लावून बांधायचे बंद लावून घेतले.

आज जालन्यात शिवजयंतीची मिरवणूक होती. संयोजकांनी आम्हाला बघितलं अन् विचारलं, "अरे, तुमचे ड्रेस आले न्हाई का?"

म्हटलं, "हेच आहेत. तेव्हाचे शिपाई असंच घालायचे."

"लई गरीब दिसून राह्यले रे. फोटोत बराबर येणार न्हाई. तुम्ही मागं थांबा."

मंग काय! पुढं साटिनवाले, हातात प्लॅस्टिकच्या तलवारी, पायात स्पोर्ट्स शूज. आम्ही सगळ्यात मागं, जनरेटरच्या गाड्याजवळ. चढावर गाडा अडला, तर जनरेटरवाला आमच्यावरच खेकसला, "ए, कामाला आले ना तुम्ही? मंग ढकला की!"

ढकलला. सातही जणांनी जोर लावला. एकाचाही बंद तुटला न्हाई, टाका उसवला न्हाई.

गडावर तोफा चढवणारे असेच दिसत असतील ना? ते आज आले असते, तर त्यांनाही आपण मागंच थांबवलं असतं का?