सतरावरची हिरवी चिप

मी चाकाकडे बघत होतो, असं मी एकदा सांगितलं आणि एका मुलीची नोकरी गेली. मी चाकाकडे बघत नव्हतो. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

गोव्याला नदीत उभ्या असलेल्या एका कॅसिनोच्या बोटीवर मी बरीच वर्षं रूलेटच्या, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकाच्या, टेबलावर डीलर होतो. घरी, पेठला, सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की मी हॉटेलात आहे. काळा शर्ट, काळी पँट, पँटचे खिसे शिवून बंद केलेले. मनगटी घड्याळ घालायला मनाई. नाक खाजवलं तरी दोन्ही तळवे वर करून छतातल्या कॅमेऱ्याला दाखवायचे. ती सवय अशी लागली की सुट्टीत घरी आल्यावर जेवताना मिठाची वाटी पुढे सरकवली, तरी माझे तळवे आपोआप उलटे व्हायचे. बायको म्हणायची, "काय चोरलंय का तुमी? सारखं हात काय दाखवता?"

खेळणाऱ्यांचा सगळा संशय आमच्या हातावर. हा गोळी ठरवून टाकतो, याचं चाकाशी साटंलोटं आहे, असं तोंडावर बोलायचे. खरं सांगतो, इतक्या वर्षांत एकदाही मला गोळी हव्या त्या खाचेत टाकता आली नाही. लबाडी व्हायची ती चाकात नाही, पैसे लावायला आकड्यांची घरं आखलेल्या कापडावर. गोळी पडेपर्यंत लोक चाकाकडे बघत असतात आणि कापडाकडे कुणाचं लक्ष नसतं. म्हणून 'आता बस' असं पुकारून टेबलावरून हात फिरवला की डीलरची नजर कापडावर पाहिजे. त्यानंतर कुणी चिप, म्हणजे पैशांऐवजीची चकती, ठेवली तर ती तिथल्या तिथे बाजूला काढायची आणि सुपरवायझरला हाक मारायची. दुसरा नियम असा, की ओळखीचं माणूस टेबलावर आलं तर आधी सांगायचं आणि टेबल सोडायचं.

त्या रविवारी दुपारी माझ्या टेबलावर माझे चुलत सासरे येऊन बसले. बोरी बुद्रुकचे, गावात शब्दाला वजन असलेले. घरी सांगून आले होते देवदर्शनाला निघालो म्हणून. मला बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार. मी हॉटेलात नव्हतो, ते देवळात नव्हते. दोघांनीही ओळख दाखवली नाही. सुपरवायझरला हाक मारायला मला चार पावलं लागली असती. मी मारली नाही. सासऱ्याला परक्या मुलखात, चार लोकांत उठवायचं कसं, हा एक विचार. ते उठले तर घरी जाऊन माझं सांगतील, हा दुसरा. दुसराच खरा होता.

मी त्यांच्याशी हिंदीत बोललो. चांगलं तुटक, परकं हिंदी.

प्रत्येक खेळणाऱ्याच्या चिपेचा रंग वेगळा असतो; माझ्या शेजारी चिपा वेचून रंगवार लावायला एक मुलगी असायची. आंबेगावच्या डोंगरातली, भीमाशंकरच्या वाटेवरच्या एका वाडीतली. वडील भात-नाचणी करायचे. सासऱ्यांनी शेजारच्या माणसाला विचारलं, "ह्यो हिरवा रंग माझाच हाय न्हवं?" तेवढ्यावर तिचा चेहरा फुलला.

"बाबा, कुठलं गाव?"

"बोरी. तालुका जुन्नर. तुजं गं?"

"आमी आंबेगाव. डोंगरातली."

"मग तर आपलीच. बघ बाई, पावण्याचं काय भलं व्हतंय का!"

ती हसली. आपल्याकडे एस.टी.त बसल्यावर पहिला प्रश्न 'कुठलं गाव' हाच असतो. तिला वाटलं, इथंही चालतं.

पुढच्या डावाला मी पुकारा केला, हात फिरवला. गोळी टकटक करत सतरावर पडली. त्याच वेळी टेबलाच्या कडेची एक चळत कलंडली म्हणून मुलगी वाकली आणि तिची काळी बाही कापडावर आडवी आली. त्या बाहीखालून सासऱ्यांचा हात सतराच्या घरावर गेला आणि परत आला. मागे हिरवी चिप राहिली. मी हे सगळं बघितलं. नियमाप्रमाणे माझी नजर कापडावरच होती. सासऱ्यांनीही बघितलं, की मी बघितलंय. त्यांनी डोळे खाली घातले नाहीत. ती नजर मला नीट कळली: तू गप, मी गप.

मी त्या चिपेवर जिंकल्याची खूण ठेवली आणि सासऱ्यांना पैसे मोजून दिले.

संध्याकाळी मला आणि त्या मुलीला वेगवेगळं बोलावलं. वरच्या कॅमेऱ्यात काळी बाही दिसत होती, बाही उचलल्यावर हिरवी चिप दिसत होती. मधला हात दिसत नव्हता. तिच्याबद्दल वेटरने आधीच सांगितलं होतं, की ती त्या गिऱ्हाइकाशी गावाकडच्या भाषेत हसून बोलत होती. माझ्याबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं. सुपरवायझरने विचारलं, चिप हिनेच ठेवली का?

मी म्हणालो, "माझं लक्ष चाकाकडं होतं."

मी तिचं नाव घेतलं नाही, असं पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. घ्यायची गरजच नव्हती. मला ताकीद मिळाली, तिला घरी पाठवलं.

आता मी परत पेठला आहे. हायवेला लागून ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. कॅसिनोचं मीच नंतर घरी सांगितलं. लोकांना त्याची मौज वाटली, लाज वाटली नाही. या वर्षी बोरीच्या यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटात घड्याळ धरायला मला बोलावलं. दरवर्षी एका तरी बारीवरून, म्हणजे गाडीच्या धावेवरून, भांडण होतं, की घड्याळवाल्याने बटण उशिरा दाबलं. भोंग्यावरून सासरेच बोलले, "आमच्या पावण्यानं कॅसिनोत काम केलंय राव! असल्या माणसाच्या हाताला डाग नसतो." घाटातली माणसं हसली आणि त्यांनी ते मानलं. दिवसभर ते माझ्या मागे उभे होते. कशावर लक्ष ठेवत होते, घड्याळावर की माझ्यावर, कोण जाणे.

त्यानंतर आठवड्याभरात टेबलावरची ती मुलगी दुकानात आली. मी तिला लगेच ओळखलं. तरी विचारलं, काय पाहिजे?

"दादा, पाइप नको. कागद पाहिजे."

तिने उभ्यानेच सांगितलं. वाडीत पोलीस पाटलाची जागा निघाली आहे. परीक्षेत ती पहिली आली. आता दुसऱ्या उमेदवाराने हरकत घेतली आहे, की हिला कॅसिनोतून चोरीसाठी काढलं, हिची चालचलणूक ठीक नाही. सोमवारी प्रांतांपुढे सुनावणी आहे.

"तुमी टेबलावर व्हता. जे बघितलं तेवढं लिहून द्या. माझ्या बाजूनं नका लिहू. बघितलं ते लिहा."

मी म्हणालो, "लई वर्षं झाली गं. मी तर..."

"चाकाकडं बघत व्हता. म्हाईत हाय मला." ती हसली, पण टेबलावर हसली होती तसं नाही. "दादा, मी बी तीन वर्षं त्याच टेबलावर उभी व्हते. पुकारा झाल्यावर डीलर चाकाकडं बघत नसतो."

मी बघतो म्हणालो. तिने पाणीसुद्धा घेतलं नाही.

सासऱ्यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पावणं, जुनं उकरून कुनाचं भलं झालंय? पोरगी आमची तुमच्या घरात हाय, एवढं ध्यानात ठेवा." आणि थोड्या वेळाने, अगदी सहज, "आन् तवा तुमी काय बोलला व्हता, ते बी लिहावं लागंल बरं का."

ते खरं आहे. त्यांचा हात लिहिला, की माझी नजर लिहावी लागते. आज शुक्रवार. कोरा कागद गल्ल्याच्या काचेखाली आहे. गिऱ्हाईक आलं की त्याच्याकडे बघतं आणि मला वाटतं, याला कळलं.

मी त्या मुलीचं देणं लागतो ते इतकंच: सोमवारच्या आत, माझ्या सहीनं, तीन वाक्यं. चिप माझ्या चुलत सासऱ्यांनी ठेवली. ती ठेवताना मी बघितलं. हिचा हात स्वच्छ होता.