अर्चनाच्या उंचीची कडी

गोकुळ रोडच्या आपल्या शेडात वेंकटेश दिवसभर सरकारी नोकरांच्या पगाराला शिव्या घालायचा, आणि वेल्डिंग करून गेटं बनवायचा ती त्यांच्याच घरांची. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे त्याला कधी जमलंच नाही. पूर्वी आसपासच्या कारखान्यांची कामं होती, तेव्हा जीभ चालवायला वेळ कुठं होता! मग कारखाने एकेक करून बसले. पगार वाढले ते कचेरीवाल्यांचे, नवनगरकडं घरं उठली तीही त्यांचीच. उद्या त्यांचे पगार थांबले तर पहिलं कुलूप आपल्याच शेडाला लागेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. राग यायचा तो त्याचाच.

स्वतः तो केशवापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत. बरे दिवस होते तेव्हा या शहाण्यानं प्लॉट घ्यायच्या आधीच आपल्या घराचं गेट बनवून ठेवलं. बाजारात तुरी, दुसरं काय! बायको अर्चना ठेंगणी, म्हणून कडी मुद्दाम खाली, तिच्या हाताला येईल अशी बसवली. प्लॉट काही झाला नाही. जागेचे भाव चढत गेले आणि कामं आटत गेली. तरी दर खंडेनवमीला अर्चना शेडात यायची, यंत्रांना हळदकुंकू वाहायची आणि शेवटी भिंतीला टेकलेल्या त्या गेटालाही; जाताना त्याची कडी एकदा काढून लावायची.

यंदा श्रावणात नारायण आला. वेंकटेशचा शाळासोबती, नुकताच सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला. वास्तुशांत तोंडावर आलेली आणि गेटवाल्यानं ऐन वेळी हात वर केलेले.

"हे तयारच आहे की रे वेंकटेशा! देऊन टाक."

"ते विकायचं नाही."

"मग कुठं लावणार आहेस?"

नारायणनं सरळ मनानं विचारलं होतं. शेड सोडायचं त्याच्या मनात घोळतच होतं. मग हे धूड दोन खोल्यांत कुठं ठेवणार? तो थकला होता. त्यानं गेटाला पांढरा रंग मारला आणि देऊन टाकलं. अर्चनाला सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, धीरच झाला नाही.

वास्तुशांतीला दोघं रिक्षानं गेली. पुढचे पाहुणे गेटाच्या वरच्या बाजूला कडी चाचपत होते. अर्चनानं न बघताच हात खाली घातला, कडी काढली. आणि हात तिथंच राहिला.

"कधी दिलंत हो?"

"गेल्या आठवड्यात."

"मला सांगायचं की."

पाहुणे आत गेले. अर्चनानं पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला आणि गेटाला बोट लावलं.

"अहो वैनी, त्याची पूजा सकाळीच झाली की!" नारायणची बायको मनीषा पायरीवरून हसत म्हणाली. "आत या, बाहेर काय थांबलात?"

"होय, आले," अर्चना म्हणाली. मग हळूच, गेटाकडंच बघत, "खंडेनवमीला आता कुठं भेटणार हे."

ती आत गेली आणि सवयीच्या हातानं मागं कडी लावून घेतली. वेंकटेश अजून बाहेरच उभा होता.